गाडी पेट्रोल जास्त खातेय? आधी हे तपासा

आधी खरं मायलेज मोजा. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, 300 किलोमीटरनंतर पुन्हा फुल करा. किलोमीटर भागिले लिटर. मग टायर थंड असताना हवा बघा. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घासत फिरलं तर ब्रेक धरून बसलाय, बहुधा कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम.

थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणाऱ्या झडपेकडे, मात्र फार दुर्लक्ष होतं. तो उघडाच अडकला की इंजिन नीट तापत नाही आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) थंड इंजिनासारखं जादा पेट्रोल सोडत राहतो. ईसीयूतली माहिती वाचणारा स्कॅनर लावा. वीस मिनिटं चालवूनही कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) 70 अंश सेल्सिअसखाली असेल तर थर्मोस्टॅट बदला. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलचं प्रमाण सतत किती कमी-जास्त करतोय तो आकडा) उणे 10 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर इंजेक्टरची गळती आणि एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) तपासा. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर अंदाजाने बदलू नका, कृपया.