हलग्याच्या फाटकावरची मंडळी

आज १३ डिसेंबर. हिरेबागेवाडीला कामाला जाताना हलग्याजवळ बॅरिकेडपाशी गाडी थांबवली. कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त. ते जिथे भरतं त्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाबद्दल आम्हा मराठी माणसांचं मत काय आहे ते जगजाहीर आहे, पुन्हा सांगत बसत नाही. पण फाटकावर उभा राहणारा शिपाई काही सीमाप्रश्न ठरवत नाही हो!

डिक्की तपासणारी पोलीस बाई कलबुर्गीकडची. तिकडच्या उन्हाची सवय, आणि इथे बेळगावची थंडी. खाकी स्वेटरखाली आणखी एक घरचा विणलेला स्वेटर, त्याची लाल बाही मनगटापाशी बाहेर आलेली. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आयता री?" म्हणजे जेवण झालं का? ती हसली आणि मानेनेच नाही म्हणाली. दुपारचे अडीच वाजले होते.

पुढे गाडी चालवताना डोक्यात कमलेश कुमारी होती. २००१ साली याच तारखेला संसदेवर हल्ला झाला, तेव्हा सीआरपीएफची ही कॉन्स्टेबल फाटकावर होती. हातात शस्त्र नाही. ओरडून सहकाऱ्यांना सावध केलं आणि गोळ्या अंगावर घेतल्या. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या दिवशी दिल्ली पोलिसांचे पाच जण गेले, संसदेचे दोन सुरक्षारक्षक गेले, आणि बागेत काम करणारा माळीसुद्धा. आतले खासदार सुखरूप राहिले.

२१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनाला मानवंदना होते, पेपरात फोटो येतो. ठीक आहे. पण बंदोबस्ताला आलेल्यांना जेवण वेळेवर मिळालं तर मला जास्त बरं वाटेल. येताना कुंदा, आमची बेळगावची मिठाई, घेतला होता, पण तोवर तिची ड्युटी बदलली होती. मग तिथे असलेल्यांनाच दिला.