श्वासाचा रकाना

भातलावणीचे दिवस. रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात माझी नाइट होती. पहाटे साडेचारला एक बाई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या, घसाही दुखतोय. ड्युटीवरच्या सरांनी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहून ते लेबर रूमकडे पळाले.

मी चार्ट भरला. नाडी ९६, बीपी ठीक, श्वास २०. खरं सांगते, तो २० मी मोजलाच नव्हता. कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढा, त्या रकान्यात २०च सापडतील.

इंजेक्शन देताना त्याला नाव विचारलं. सांगितलं, पण नाकातून. सर्दी तर नव्हती. माझ्याकडे बघायला त्याने मान मागे टाकली. पापण्या वर जात नव्हत्या.

"झोप झाली नाही हो त्याची," आई म्हणाली.

"मावशी, झोपला कुठे होता?"

"खालीच, चटईवर."

अंगभर टॉर्च मारला. खूण नाही, सूज नाही. पण मण्यार या विषारी सापाचे दात इतके बारीक की खूण बहुतेकदा सापडत नाही, आणि झोपेत चावलेलं कळतही नाही. आता मात्र घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं. २८, आणि छाती जेमतेम हलत होती. एका दमात आकडे म्हणायला लावले. एकोणीसपर्यंत गेला. दहा मिनिटांनी अकरालाच दम संपला.

सरांना बोलावलं. त्यांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवायला सांगितलं. तेवढ्यात मी सर्पदंशाच्या लसीच्या दहा बाटल्या विरघळवायला घेतल्या. ती पावडर हलवली की फेस येतो, म्हणून बाटली तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. घाईत हे फार जिवावर येतं.

"सिस्टर, रक्त तर गोठलं."

"सर, रक्त न गोठणं हे घोणस-फुरशाचं. मण्यारीचं विष नसांवर जातं. तुम्हीच त्याला आकडे म्हणायला लावा."

त्यांनी लावले. सात.

मग कोणी काही बोललं नाही. लसीची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवून लस सुरू केली. पण लुळे पडलेले स्नायू लस लगेच उठवत नाही. तासाभरात सरांना श्वासनलिकेत नळी घालावी लागली आणि १०८मधून आम्ही व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयाकडे निघालो. वाटभर मी अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत होते. डोळे मिटलेले, हात पडलेले. आईला वाटलं, गेला. मी तिला सांगत होते की त्याला सगळं ऐकू येतंय, बोलत राहा.

तीन आठवड्यांनी दोघं ओपीडीत आली. मी म्हटलं, "काय रे, ओळखलंस का?"

"आवाजावरून ओळखलं," तो म्हणाला. मग आईकडे बघून हळूच, "खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा तुम्ही ड्रायव्हरकाकांना शिवी दिलेली."