सातवा पडदा

पुण्यातल्या एका पेठेत वाद्यांचे जे दुकान आहे, तिथल्या मागच्या बाकावर बसून मी गेली 19 वर्षे वाद्यांची दुरुस्ती करतो. त्याआधी 7 वर्षे मिरजेत सतारी आणि तंबोऱ्यांच्या कामावर होतो. त्यामुळे जवारी काढणे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून सूर खुलवणे, हे माझे मूळचे काम आणि गिटार, मँडोलिन, युकुलेले ही नंतर पोटासाठी शिकलेली विद्या. गल्ल्यावर मालक बसतात, पण नवशिक्याला वाद्य निवडून द्यायची वेळ आली की ते मला हाक मारतात, कारण विकलेले वाद्य आठ दिवसांनी तक्रार घेऊन परत आले तर ते शेवटी माझ्याच बाकावर येते. पुढे लिहितो ती हकिगत आषाढातल्या एका गुरुवारची आहे. त्या दिवशी, दर गुरुवारप्रमाणे, विजेच्या लाइनच्या दुरुस्तीसाठी वीज बंद होती, पंखा थांबलेला होता, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि दुकानात एकच गिऱ्हाईक होते.

ते गिऱ्हाईक म्हणजे हडपसरला बायकांचे कपडे शिवणारे एक टेलरमास्तर. वय पन्नाशीला टेकलेले, हातात अस्तराच्या कापडाची पिशवी आणि गळ्यात काढायची राहून गेलेली इंचाची टेप. ज्यांच्या हाताखाली ते शिवण शिकले, ते वस्ताद गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रामध्ये मँडोलिन वाजवत आणि एरवी रात्री दुकानाची फळी लावल्यावर मशिनीवर बसूनच थोडा वेळ वाजवत असत. वस्ताद गेले, वाद्य त्यांच्या मुलाने कोणाला तरी देऊन टाकले, पण मास्तरांच्या डोक्यातून ते गेले नाही. मुलीचे लग्न आटोपले होते, आता स्वतःसाठी 7,000 रुपये बाजूला काढले होते. "वाजवायला काहीच येत नाही, आधीच सांगतो," ते म्हणाले, "पण शिकायचंय. मला यातलं कळत नाही, तुम्ही द्याल ते घेईन."

असे म्हणणारे गिऱ्हाईक सर्वांत जोखमीचे असते, कारण ते खरोखरच आपण देऊ ते घेते.

मँडोलिन मागायला येणारे मुळात थोडे. त्यांतल्या निम्म्यांना 1995 साली गाजलेल्या एका हिंदी चित्रपटातली मोहरीच्या शेतातली धून वाजवायची असते. क्वचित एखादा यू. श्रीनिवास यांचे वादन ऐकून येतो आणि आठ तारांचे वाद्य पाहून गोंधळतो. श्रीनिवास कर्नाटक संगीतासाठी एकेरी तारांचे विजेवरचे मँडोलिन वापरत, आणि ज्याला त्या वाटेने जायचे आहे त्याला साधे मँडोलिन देणे म्हणजे तबला शिकायला आलेल्याला ढोलकी देण्यासारखे आहे. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो काय वाजवायचे आहे हा, किमतीचा नव्हे. मास्तरांना जुनी हिंदी आणि मराठी गाणी वाजवायची होती. त्याला आठ तारांचे, चार जोड्यांचे नेहमीचे मँडोलिन योग्य होते.

मी तीन मँडोलिन काढून काउंटरवर ठेवली. एक 4,200 रुपयांचे, देशी बनावटीचे, सपाट पाठीचे, गोल छिद्राचे आणि दिसायला अगदी सामान्य. दुसरे 6,500 रुपयांचे, थेंबाच्या आकाराचे, फुगीर तबलीचे म्हणजे समोरच्या लाकडी पाटीचे, एफच्या आकाराच्या छिद्रांचे, गडद तपकिरी रंगावर छान चकाकी असलेले. तिसरे 13,500 रुपयांचे. ते मास्तरांच्या ऐपतीबाहेरचे होते, पण मालकांचा आग्रह असतो की एक महाग वाद्य दाखवावेच. त्याच्या खांद्यावर लाकडाची कोरीव गुंडाळी होती. ही गुंडाळी कोरायला कारागिराचा वेळ जातो, त्याचे पैसे लागतात, आणि त्याच प्रतीच्या साध्या आकाराच्या वाद्यापेक्षा आवाजात त्यामुळे सांगण्यासारखा फरक पडत नाही. मी हे सांगितले तेव्हा मास्तर हसले. "म्हणजे लेस लावायचे पैसे," ते म्हणाले आणि त्यांनी ते वाद्य स्वतःच बाजूला सरकवले.

राहिली दोन. दोन्ही प्लायची होती. छिद्राच्या कडेला बोट लावून पाहिले की कळते: सलग लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरलेल्या दिसतात, आणि प्लाय असेल तर कापलेल्या पुठ्ठ्यासारखे थर दिसतात. सलग लाकडाचा आवाज अधिक गोड असतो आणि वर्षानुवर्षे मोकळा होत जातो, पण 7,000 रुपयांत ते मिळेल अशी आशा मी कोणाला लावत नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, नवशिक्याच्या घरी भिंतीला टांगलेले प्लायचे वाद्य बरे टिकते.

माझ्या मनात 6,500 चे मँडोलिन द्यायचे पक्के झाले होते. त्याच्या चाव्या हलक्या फिरत होत्या, दांडी हाताला गुळगुळीत लागत होती आणि तारा पडद्यांपासून, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच नव्हत्या. मी ते जी, डी, ए, ई असे लावले. जोडीतल्या दोन्ही तारा एका सुरात आणि प्रत्येक पुढची जोडी मागच्या जोडीचा पंचम, अशी ही रचना आहे, म्हणजे व्हायोलिनचीच. मग घोडी तपासली. मँडोलिनची घोडी तबलीला चिकटवलेली नसते. आठ तारांचा एकत्रित ताण साठ-सत्तर किलोंच्या घरात जातो आणि त्याच्या दाबानेच ती जागेवर बसलेली असते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तिथेच तार दाबून येणारा सूर एक आला की घोडी योग्य जागी आहे असे समजायचे. दोन्ही सूर जुळले. माझी तपासणी इथे संपत असे. मी वाद्य पुसून मास्तरांच्या हातात दिले आणि पावतीसाठी मालकांकडे वळलो.

मास्तरांना वाजवता येत नव्हते, त्यामुळे ते नुसते पाहत होते. कापड घेताना माणूस उजेडात धरून वीण पाहतो, तसे त्यांनी ते दारातल्या उजेडात तिरके धरले होते. "भाऊ," त्यांनी विचारले, "या पट्ट्या वरून खाली जवळजवळ येत जातात, त्या हिशेबानेच ना?"

मी म्हटले, हो, हिशेबानेच. प्रत्येक जागा आधीच्या जागेपेक्षा ठरावीक प्रमाणात लहान होत जाते.

"मग इथं चुणी चुकलीय."

मी जवळ गेलो. त्यांनी नख सातव्या पडद्यावर ठेवले होते. घेरदार झग्याच्या चुण्या कमरेकडे बारीक होत जातात, त्यांत एखादी जरी मागेपुढे झाली तरी शिवणाऱ्याच्या डोळ्याला ती खुपते, असे ते म्हणाले आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी मोजायला सुरुवातही केली. मी बाकावरून मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी आणली. सहाव्या ते सातव्या पडद्याचे अंतर साडेबारा मिलिमीटर भरले आणि सातव्या ते आठव्याचे साडेचौदा. त्या लांबीच्या दांडीवर पहिले 14 आणि दुसरे 13 च्या थोडे वर असायला हवे होते. सातवा पडदा दीड मिलिमीटर वरच्या बाजूला, चाव्यांकडे सरकलेल्या खाचेत ठोकलेला होता. शेजारचे 4,200 चे मँडोलिन मोजले तर त्यातली अंतरे बिनचूक होती.

आता कानाने खात्री करायची होती. मँडोलिनवर सातव्या पडद्याला पंचम येतो, त्यामुळे डीच्या जोडीवर सातवा पडदा दाबला की शेजारच्या मोकळ्या ए तारेचाच सूर ऐकू यायला हवा. जोडीतल्या दोन तारांची आपसांतली कुरकुर मध्ये येऊ नये म्हणून प्रत्येक जोडीतली एक तार बंद करावी लागते. मास्तरांनी पिशवीतून अस्तराची चिंधी फाडून दिली, ती मी तारांत गुंफली आणि दोन्ही सूर एकदम छेडले. लाटा उठल्या. वाँव-वाँव-वाँव, सेकंदाला दोन-तीन. दाबलेला सूर उतरलेला होता. पंखा चालू असता तर त्याच्या घरघरीत मी त्या लाटा ऐकल्या असत्या की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तरीही लगेच हार मानवेना. मी तारा सैल करून घोडी किंचित दांडीकडे सरकवली, पुन्हा वाद्य लावले आणि सातवा पडदा सुरात आणला. मग बारावा चढला. घोडी मागे घेतली, बारावा बसला, सातवा पुन्हा उतरला. आखूड पांघरुणाची गत होती: डोके झाकावे तर पाय उघडे पडतात. घोडी सरकवल्याने सगळ्याच पडद्यांवर परिणाम होतो, तिने एका पडद्याची चूक निस्तरता येत नाही. पडदा उपटून, खाच बुजवून, नवी खाच कापून तो पुन्हा बसवता येतो, मी ते महागड्या गिटारींवर केलेलेही आहे. पण त्या कामाची मजुरी या वाद्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाली असती आणि नव्या वाद्यावर थिगळ दिसले असते ते वेगळेच.

हे माझ्या आधी का लक्षात आले नाही, याचा विचार मी त्या संध्याकाळी बराच केला. कारण माझ्या जुन्या कामात आहे. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो. सूर लागत नसेल तर अंगठ्याने तो केसभर सरकवायचा आणि पुढे चालायचे, पडद्याची जागा ही तिथे तक्रारीची गोष्टच नसते. मिरजेत 7 वर्षे ज्या हातांनी पडदे सरकवले, त्या हातांना मँडोलिनच्या लाकडात ठोकून कायमच्या बसलेल्या पडद्यावर संशय घ्यावा असे सुचलेच नाही. मी वर्षानुवर्षे चाव्या, तारांची उंची आणि घोडी पाहत आलो, म्हणजे नेमक्या त्याच गोष्टी ज्या नंतर दोन-चारशे रुपयांत नीट करता येतात. जी गोष्ट नंतर स्वस्तात कोणालाच नीट करता येत नाही, ती मी कारखान्याच्या भरवशावर सोडून दिली होती. स्वस्त वाद्य निवडताना आता मी तपासणी उलट्या क्रमाने करतो: आधी पडद्यांची अंतरे, मग दांडी सरळ आहे की पिळलेली, मग दांडीचा सांधा उचकटलेला तर नाही ना. बाकी सगळे शेवटी.

मी मास्तरांना 4,200 चे वाद्य घ्यायला सांगितले. मालकांचा चेहरा बदलला, पण ते काही बोलले नाहीत. वाद्य आहे तसे देण्याजोगे मात्र नव्हते. त्याच्या तारा इतक्या उंच होत्या की पहिल्या आठवड्यातच मास्तरांची बोटे सोलली असती आणि त्यांनी दोष आपल्या वयाला दिला असता. बहुतेक नवशिके मँडोलिन सोडतात ते याच पायरीवर, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली असता पहिल्या पडद्याच्या वर फक्त केसाइतकी फट राहायला हवी. इथे पोस्टकार्ड सरकले. चाव्यांकडच्या पट्टीतल्या आठही खाचा मी बारीक कानशीने, दर दोन-तीन घाशांनी तपासत, खाली नेल्या, कारण एक घासा जास्त झाला की तार पडद्यावर झणझणते आणि पट्टीच बदलावी लागते. घोडीचे पाय तबलीवर नीट टेकत नव्हते, त्यांच्याखालून दुसऱ्या बाजूचा उजेड दिसत होता. तबलीवर पॉलिशपेपर उलटा ठेवून त्यावर घोडी मागेपुढे घासली, तेव्हा पायांना तबलीचा आकार आला. मग पातळ गेजाच्या नव्या तारा एकेक करून चढवल्या. सगळ्या तारा एकदम काढल्या तर घोडी हातात येते आणि तिची जागा हरवते, हे मास्तरांना करूनच दाखवले. दीड तास ते स्टुलावर बसून पाहत होते. कानस कोणत्या नंबरची, एवढाच एक प्रश्न त्यांनी मध्ये विचारला.

वाद्याचे 4,200, मजुरीचे 600, तारांचे 350 आणि सूर लावायच्या चिमट्याचे (क्लिप ट्यूनरचे) 400, असे 5,550 रुपये झाले. उरलेल्या पैशांत जाड कापडाची पिशवी घ्या, असे मी सुचवले, तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे असे काही पाहिले की मी ते वाक्य अर्ध्यावरच सोडले. पिशवी ते स्वतःच शिवणार होते. जाताना त्यांनी वाद्याची मापेही लिहून घेतली.

काम तिथे संपले नव्हते. 6,500 ची ती मँडोलिन तीन नगांच्या एकाच खेपेतून आली होती आणि दोन आधीच विकली गेली होती, तीही मीच निवडून दिलेली. मालकांनी पावतीपुस्तक काढून दोन्ही नंबर शोधले. पहिला अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. तो दुसऱ्याच दिवशी वाद्य घेऊन आला, त्याच्याही सातव्या पडद्यात तीच दीड मिलिमीटरची चूक निघाली आणि त्याला मालकांनी बदलून दुसरे दिले. दुसऱ्या एक बाई होत्या, कोथरूडच्या, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी फोनवर सांगितले की दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी शिकणे सोडले. वरच्या पट्टीत गेले की काहीतरी खटकते असे त्या म्हणत राहिल्या आणि कान अजून कच्चा आहे, सवयीने बसेल, असे त्यांना उत्तर मिळत राहिले. शेवटी त्यांनाही ते पटले.

मी काय सापडले ते सांगितले. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही.

"म्हणजे मला ऐकू येत होतं ते खरं होतं?"

मी हो म्हटले, आणि वाद्य घेऊन या असेही सांगितले. त्यांनी विचारले, कधी येऊ. गुरुवारी या, मी म्हणालो, त्या दिवशी पंखा बंद असतो.