मिलवॉकीचे गटारवाले समाजवादी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात राहते, आणि इथे मिळून ३८ वर्षं समाजवादी महापौर होते म्हटलं की पुण्याकडचं प्रत्येक माणूस हेच विचारतं, अगं अमेरिकेत असं झालंच कसं, आणि त्यांनी केलं तरी काय?

झालं ते असं, की लोक आधीच्या कारभाऱ्यांच्या खाबूगिरीला कंटाळले होते, जर्मन कामगारांची वस्ती मोठी, युनियन पक्क्या. १९१० मध्ये एमिल सायडल निवडून आले, मूळचे लाकडाचं कोरीवकाम करणारे कारागीर. दोनच वर्षांत डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन त्यांना पाडलं. पण १९१६ ला डॅनियल होन आले ते थेट १९४० पर्यंत, आणि नंतर १९४८ ते ६० फ्रँक झायडलर.

केलं काय, तर गटारं केली! त्या काळी शहराचा मैला नद्यांतून मिशिगन लेकमध्ये जायचा आणि प्यायचं पाणीही त्याच लेकचं, त्यामुळे टायफॉइड. सांडपाण्याचं कमिशन १९१३ चं, म्हणजे समाजवादी सत्तेत नसतानाचं, ते श्रेय त्यांना देऊ नये, पण जोन्स आयलंडचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट सुरू झाला होनच्या काळात, १९२५ ला. मैलापाण्यात हवा सोडायची, जिवाणू वाढतात, घाण खातात, खाली बसलेला गाळ वाळवला की खत. ते १९२६ पासून 'मिलॉर्गनाइट' नावाने विकतात, अजूनही. मी दर मे महिन्यात एक पोतं आणते, राईएवढे काळपट दाणे, लॉनवर टाकल्यावर पाऊस आला की दोन दिवस कुबट वास येतो, पण गवत काय हिरवं होतं!

समाजवादी पक्षाच्या १९३२ च्या अधिवेशनात त्याच पक्षाच्या न्यूयॉर्कच्या मॉरिस हिलक्विटनी या मिलवॉकीवाल्यांना 'सीवर सोशलिस्ट' म्हणून हिणवलं, म्हणजे क्रांती सोडून हे गटारांचंच बोलतात. मला ते अजिबात पटत नाही. टायफॉइडने मूल गेलेल्या आईला काय हवं होतं, क्रांतीवरचं भाषण की स्वच्छ पाणी?

पाणी शुद्ध करायचा लिनवुडचा प्लांट १९३९ चा, तेव्हाही महापौर होनच. मागच्या उन्हाळ्यात भाचा आला होता, किचनच्या नळाखाली ग्लास धरून म्हणाला, मावशी, हे डायरेक्ट प्यायचं? म्हटलं, हो, पी.