झारी घासताना

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

घर एकदाचं निजलं. उद्या हळद, परवा लग्न.

संध्याकाळी घाणा भरला. दोन मुसळं एकत्र बांधलेली, त्यांना आंब्याची पानं, उखळात हळकुंडं. पाच सवाष्णींनी हात लावला. गाणी पूर्ण येणाऱ्या आता मोठ्या काकू एकट्याच. त्या पुढे म्हणायच्या, आम्ही मागून सूर ओढायचो. मुसळाच्या ठेक्यावर त्यांचा आवाज कसा चढत गेला! अजून माझ्या नखांत हळद आहे, वहीच्या पानालाही लागली.

नंतर लेकीनं परवाच्या गाण्यांची यादी वाचून दाखवली. वरातीला ‘झिंगाट’ हवंच, त्याशिवाय तिचे मित्र हलणार नाहीत. ह्यांच्यासाठी ‘शुक्रतारा, मंद वारा’. पाडगावकरांचे शब्द, खळेकाकांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. 1962 चं गाणं, पण लावलं की हे आजही हातातलं काम थांबवतात. जेवणाच्या वेळी ‘स्वप्नात रंगले मी’. ते तर मीच सुचवलं.

मग मी म्हटलं, “पाठवणीला ‘गंगा यमुना’ लाव हं.”

“आई, ते नको. ‘जा मुली जा, दिल्या घरी’ म्हणजे काय? मी काय द्यायची वस्तू आहे?”

मला लागलं. पण ती चुकीचं बोलली नाही. सहा वर्षं पुण्यात एकटी राहून कमावते आहे, जोडीदार तिनंच निवडला आहे. ‘दिल्या’ हा शब्द तिला खुपणारच.

मला मात्र ते गाणं का हवं होतं, ते तिला सांगता आलं नाही. आत्ता लिहिताना उमगतंय. ते नवरीचं गाणंच नाही, आईचं आहे. लग्नात सगळ्यांना काही ना काही बोलायला मिळतं. भटजींना मंत्र, मामा-मावशांना मंगलाष्टकं, नवरीला उखाणा. कन्यादानाचा संकल्पही बापाच्या तोंडी. आईच्या हातात फक्त झारी. तिनं पाण्याची धार धरायची, ती तुटू द्यायची नाही, आणि बोलायचं काहीच नाही.

त्या मुक्या बाईला पी. सावळारामांनी शब्द दिले. आमच्या वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचे ते, मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील. पुढे ठाण्यात राहिले, तिथले नगराध्यक्षही झाले. स्टेशनावर मुलीला निरोप देणाऱ्या कुणा आईचं बोलणं कानावर पडलं आणि त्यातून हे गाणं आलं, असं सांगतात. वसंत प्रभूंनी चाल दिली, गायल्या लताबाई. स्वतः कधी बोहल्यावर न चढलेली, पोटच्या लेकीची पाठवणी न केलेली ती बाई ‘जा मुली जा’ म्हणते तेव्हा त्यात माझ्या आईचा आवाज असतो. हे कसं होतं, मला कळत नाही. होतं एवढं खरं.

माझ्या पाठवणीला बँडवाल्यांनी हेच वाजवलं होतं. सगळ्या रडत होत्या आणि आई पाठ करून रुखवताचे डबे मोजत बसली होती. सतराच डबे, पण तिनं ते तीनदा मोजले. तेव्हा मला तिचा राग आला होता.

मघाशी स्वयंपाकघरात झारी चिंचेनं घासायला घेतली. आईचीच झारी, तोटीपाशी जरा चेपलेली. घासता घासता तोंडात तेच गाणं आलं. मागं लेक कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. मी थांबले.

“म्हण की,” ती म्हणाली. फडकं घेतलं आणि झारी पुसायला लागली.

यादीत तिनं ते घातलेलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. तिथंच ओट्यापाशी उभ्या उभ्या शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं.