कुटकीचा एक वेढा

पावसाआधी माळा रिकामा करताना आजीचा बाळगुटीचा डबा हाती लागला. खारीक नव्हतीच, मुंग्यांनी नेली असावी. हळकुंडाचा खडू झालेला, मुरडशेंग बोटाच्या पेराएवढी उरलेली. कुटकी मात्र होती तशीच. काळपट, सुरकुतलेली, वाळक्या गोमेसारखी.

बरोबरच आहे म्हणा. सहाणेवर उगाळताना बाकीच्यांचे चार-पाच वेढे, तिचा एकच. आम्ही चार भावंडं त्या सहाणेवर वाढलो, पण तिला कोणी झिजवू शकलं नाही.

धाकटीची गुटी उगाळताना मी खारकेचा वेढा चाटायला टपून बसायचो. एकदा आजीने काही न बोलता कुटकीचं बोट माझ्या जिभेवर ठेवलं. मी बोंबलत मागीलदारी पळालो, तांब्याने पाणी प्यालो, तर पाणीही कडू! आजी सहाण धूत म्हणाली, "तोंड कित्याक वाकडा करतंस? तुका रोज दिलंय."

खरं तर कडूसाठी आम्हाला कुठे जायची गरज नाही. किराईत परसातच उगवतं. तरी ही बया हिमालयातून यायची, ३००० मीटरच्या वरून, आणि कुडाळच्या बाजारात गोणीत बसायची. आमच्या सात पिढ्यांत कोणी बर्फ पाहिलेला नाही, पण तिथलं मूळ प्रत्येकाच्या पोटात गेलंय. तिचं शास्त्रीय नाव पिक्रोऱ्हायझा कुरोआ. पहिला शब्द ग्रीक, अर्थ कडू मूळ. दुसरा पंजाबी 'कडू'वरून आलेला. नाव ठेवणाऱ्याची जीभ एकदा कडू म्हणून भागली नसावी. आरोग्यवर्धिनीत निम्मी हीच असते. बाबा ती गोळी न चावता गिळायचे, ते उगाच नाही.

मूळच काढायचं म्हटल्यावर रोप राहणार कुठून? हिमालयात ती इतकी उपसली गेली की १९९७पासून तिच्या देशाबाहेरच्या व्यापारावर निर्बंध आहेत. आणि आमच्या डब्यात हा तुकडा चाळीस वर्षं नुसता पडून.

अजून कडू असेल का, म्हणून टोक जिभेला लावलं. लावायला नको होतं.

खालून जेवायची हाक आली. बांगड्याचं तिखलं होतं. पहिल्या घासालाच बायकोने विचारलं, "कसं झालंय?"

मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून घरात भांडी जरा जोरात वाजतायत.