आबा टिपरे आणि पुनाप्पा

२००१-०२ च्या सुमारास रात्री जेवणं उरकली की आमच्याकडे अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ लागायचं आणि तेवढा वेळ घरात कोणी कोणाला हाक मारायची नाही. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, ते खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसायचे. रिटायर झाल्यावर रोज दूध, पेपर, इस्त्री असा सगळा हिशोब डायरीत लिहिणारा माणूस. त्यामुळे टिपरे आबा म्हणजे आपल्याच वयाचं कोणीतरी आहे असं त्यांना वाटायचं, खरं तर आबांचं काम करणारे दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते. शिऱ्या आणि शलाका या नातवंडांना आबा काही सांगायला लागले की अप्पा माझ्याकडे बघायचे, ऐकतेयस ना गं अशा नजरेने.

त्याच दिवसांत मामाने ‘एन्काउंटर : द किलिंग’ची सीडी आणली, नसीरुद्दीन शाह आहे म्हणून. त्यात पुनाप्पा नावाचा एक गँगस्टर आहे, रोल काही फार मोठा नाही, पण तो पडद्यावर आला की अंगावर काटा येतो. मामा म्हणाला, अगं हे तुमचे टिपरे आबा. अप्पांनी ते मान्यच केलं नाही. दोनदा सीन मागे नेऊन बघितला, चष्मा पुसून परत बघितला, मग नुसतं ‘अरे बापरे’ म्हणाले आणि गप्प बसले. मला प्रभावळकरांबद्दल जे वाटतं ते सगळं त्या ‘अरे बापरे’मध्ये आहे.

आजीने मात्र त्यांना आधीच ओळखलेलं, कारण तिच्यासाठी ते चिमणराव. १९७० च्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या कथांवरची मालिका आली, बाळ कर्वे गुंड्याभाऊ आणि हे चिमणराव. तेव्हा चाळीत एकाच घरी टीव्ही, तिथे दाटीवाटीने बसून बघितलेलं ते सगळं आजी इतकं रंगवून सांगायची की मला मीच तिथे बसले होते असं वाटतं.

मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेला म्हणजे ‘चौकट राजा’, १९९१ चा. लहानपणी डोक्याला मार लागून बुद्धीची वाढ थांबलेला नंदू आणि कितीतरी वर्षांनी समोर आलेली त्याची मैत्रीण मुन्नी. असा रोल करताना नट लगेच दया मागायला लागतात, यांनी तसं एकदाही केलेलं नाही. तो जड जिभेने ‘मुन्नी’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त आनंद झालेला असतो, रडायला येतं ते आपल्याला. आणि मग दोनच वर्षांनी ‘झपाटलेला’, बाहुल्यात जीव घालणारा तात्या विंचू! माझ्या वयाची निम्मी मुलं त्या बाहुल्याला घाबरून लाइट लावून झोपायची.

‘लगे रहो मुन्नाभाई’मधले त्यांचे गांधीजी मला आवडतात कारण ते पुतळ्यासारखे उभे राहत नाहीत, मुन्नाच्या शेजारी आजोबांसारखे येऊन बसतात. त्या रोलसाठी आणि ‘शेवरी’साठी मिळून त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आनंद झालाच, पण मला वाटतं ‘हसवाफसवी’त एकट्याने सहा भूमिका केल्या ते काम त्याहून मोठं होतं. त्यातले म्हातारे गायक नट कृष्णराव हेरंबकर मी फक्त रेकॉर्डिंगमध्ये बघितलेत, प्रत्यक्ष नाही, ही हळहळ कायम राहणार. नाटक त्यांनीच लिहिलेलं. टिपऱ्यांचं घरही त्यांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकातून आलंय, हे लोक विसरतात, हा माणूस लेखक म्हणूनही तेवढाच आपला आहे. मुलांसाठी लिहिलेला त्यांचा बोक्या सातबंडे माझ्या मुलीने वाचून वाचून फाडलाय.

२०२५ च्या सप्टेंबरात आईला घेऊन ‘दशावतार’ सिनेमा बघायला गेले. नजर अधू होत चाललेला, डॉक्टरांनी थांबायला सांगितलेला आणि तरी रंगमंच न सुटणारा बाबुली मेस्त्री. प्रभावळकर ८१ वर्षांचे! सुरुवातीला मी त्यांच्या वयाचाच विचार करत होते, झेपत असेल का, पडतील का, आणि मग कधीतरी ते विसरूनच गेले. इंटरव्हलला लाइट लागले तेव्हा आई रुमालाने डोळे पुसत म्हणाली, अप्पांना दाखवायला हवं होतं गं, त्यांनी परत चष्मा पुसला असता.